आडातलं तांबं

वन्सं,

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. सुतकाच्या घरात शेजारून भाकरी येते; आपल्याकडं ती माझ्या माहेरून, जळकोटहून आली. खांदा द्यायला तुमच्या भावानं बाजारातून ओळखीची माणसं बोलावून आणली. गल्लीतली दारं लोटलेली होती. तुम्हाला हे कळलं असतं तर म्हणाला असता, "न्हाय आले तर न्हाय. मला काय चालत जायचं हुतं?"

गल्ली का आली नाही, त्याचं खरं कारण मला एकटीला ठाऊक आहे असं मी इतके दिवस समजत होते. परवाच्या मंगळवारी मी गल्लीतल्या नीलव्वाच्या दारात जाऊन आले. तिथं जे झालं ते तुम्हाला सांगायला हवं, म्हणून लिहायला बसले आहे. अक्षरं तुम्हीच शिकवलेली, तेव्हा चुका तुमच्याही धरा. बरंचसं तुम्हाला ठाऊक असलेलंच येईल. पण माझ्या बाजूनं ते कसं होतं हे तुम्हाला मी कधी कळू दिलं नाही.

तुम्ही हैदराबादेहून कपाळ पुसून परत आलात तेव्हा मला या घरात येऊन दोन वर्षं झाली होती. एक लोखंडी पेटी, उर्दूतली दोन पुस्तकं आणि चिनी मातीच्या चार बरण्या, एवढंच तुमच्याबरोबर होतं. तुमचे यजमान टांकसाळीच्या तेजाबखान्यात होते. चांदीत मिसळलेलं तांबं आणि तांब्यात दडलेली चांदी तेजाबानं वेगळी करायचं त्यांचं काम. त्यांच्या सदऱ्याची भोकं रफू करता करता तुम्ही बारा वर्षांत ते सगळं विचारून घेतलं होतंत. मला तुमची भीती वाटायची. तुमच्या बोलण्यात अर्धी उर्दू, आणि रागावलात की सगळीच.

लढाई सुरू होती. मुंबईकडून येणारा तांब्याचा पत्रा आधी कमी झाला, मग बंदच झाला. आपल्या गल्लीत पहाटेपासून हातोडे चालायचे, ते एकेक करून थांबले. देवीला आलेली माणसं हंडा-तांब्या न घेताच परत जायला लागली. तुमचे भाऊ दुसऱ्यांच्या भांड्यांना कल्हई लावून दिवस काढत होते. तेव्हा एका दुपारी तुम्ही परसात गेलात, भट्टीमागच्या काळ्या ढिगातलं एक ढेकूळ उचललंत आणि वरवंट्यानं फोडून आत आणलंत.

"ह्यात तांबं हाय," तुम्ही म्हणालात.

"आक्का, ती कीट हाय," हे म्हणाले. "जुन्या भांड्यांची मोड वितळवताना वर येती ती. आज्यापासनं टाकलेली हाय तिथं."

"आज्यानं टाकली म्हणून तांबं काय उठून गेलं?"

हे हसले. तुम्ही हसला नाहीत. दुसऱ्या दिवशी मला खल धरायला बसवलंत. ती काळी खंगरं कुटायची, चाळायची, लोखंडी परातीत गोवऱ्यांच्या आगीवर भाजायची. मग आतून डांबर लावलेल्या रांजणात पाणी, त्यात तुम्ही धारेनं तेजाब सोडणार आणि मी लांब उभी राहून डोळ्यांवर पदर धरणार. "पाण्यात तेजाब. तेजाबात पाणी कधीच न्हाय. इसरलीस तर डोळे जातील." चार दिवसांनी रांजणातलं पाणी निळं झालं. इतकं निळं मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही एक खिळा राखेनं घासून लखलखीत केलात, दोऱ्याला बांधला आणि त्या पाण्यात सोडलात. थोड्या वेळानं वर काढला तर तांबडा झालेला.

"बघ गोदे. लोखंड दिसलं की तांबं पाणी सोडून त्याच्या अंगावर येतं. लोखंड पाण्यात जातं, तांबं भाईर येतं."

मग बैलांचे झिजलेले नाल, मोडके विळे, फाळाचे तुकडे, असलं मिळेल ते लोखंड आपण त्या पाण्यात टाकलं. तळाशी तांबडा गाळ बसला. तो वाळवून, टाकणखार घालून तुमच्या भावानं मुशीत वितळवला. मूस त्यांनीच ओतली. लगडी गार झाल्यावर हातात घेऊन दारात जाऊन उभे राहिले. त्या दिवशी मला वाटलं, ही बाई माझ्या घरात आली हे माझं नशीब आहे. हे मी तुम्हाला तेव्हा बोलले नाही. त्यानंतर कधीच बोलले नाही.

तेजाब सोलापूरहून आणायचं. ते इंग्रजी मुलूख, आपला निजामाचा, आणि मधे करोडगिरीचा, जकातीचा नाका. तुम्ही मला बरोबर नेलंत ती खेप आठवते? कडब्याच्या पेंढ्यांत बसवलेले काचेचे दोन मोठे बुधले, गाडीवान म्हातारा आणि आपण दोघी. नाक्यावरच्या शिपायानं पेंढी उचलली.

"क्या है बाई इसमें?"

"तेजाब है साहब. तांबट लोगां हैं हम. ये कागज."

त्यानं कागदाकडं बघितलंही नाही. बूच हुंगायला वाकला. "तेजाब है या शराब?" म्हणाला आणि बूच काढून बोट आत घालायला लागला.  तुम्ही त्याचं मनगट धरलंत. सरकारी माणसाचं मनगट, भर रस्त्यात, बायामाणसानं! त्याचा दुसरा हात काठीकडं गेला. आत खाटेवर बसलेला जमादार उठून उभा राहिला.

"चखना नक्को साहब. जबान गल जाती," तुम्ही अगदी हळू म्हणालात. दुसऱ्या हातानं बुचाची ओली कड तुम्ही आपल्याच पदराला लावलीत. आम्ही सगळे त्या पदराकडं बघत राहिलो. कापड पिवळं पडलं, मग तपकिरी, आणि तुम्ही ताणल्यावर तिथं रुपयाएवढं भोक पडलं. शिपायानं हात मागं घेतला. जमादार म्हणाला, "जाने दो."

घाट चढताना मी सारखी मागं वळून बघत होते. तुम्ही फाटका पदर खोचत म्हणालात, "बरं झालं कागद वाचला न्हाय. त्याची मुदत गेल्या महिन्यातच सरली हुती." मला राग आला आणि हसूही आलं. तुम्ही अशाच होता. मुदत सरलेला कागद घेऊन तुम्ही कुठंही जायला तयार.

म्हणूनच आपलं खड्ड्यावरून वाजलं.

लोखंड खाऊन झालेलं पाणी हिरवट पडायचं. ते टाकायला तुम्ही परसात खड्डा काढून घेतलात. परसाच्या भिंतीपलीकडं वीस-पंचवीस पावलांवर गल्लीचा आड. सगळ्या घरांचं पाणी तिथलं.

"वन्सं, उतार आडाकडं हाय," मी म्हटलं.

"खाली मुरूम हाय. मुरूम गाळून घेतो."

"तेजाब गाळंल का?"

"तेजाब लोखंडानं खाल्लेलं असतंय गं. उरतं ते हिराकशीचं पाणी. रंगारी त्यात हात घालतात."

"तरी बी. माळावर खड्डा काढू."

"आन् रांजण कोण नेणार माळावर? चल, येक उचलून बघू दोघींनी."

खरंच उचलायला लावलात. तो जागचा हलला नाही. तुम्ही हसलात, मी हसले नाही. मला वाटलं, ही माझी अक्कल काढते आहे. त्या दिवसापासून मी मनात एक गोष्ट धरून बसले, की कधीतरी माझं खरं ठरेल. ते बोलणं पुढं कधी पुरं झालं नाही. तुमचं म्हणणं साफ चूक होतं असंही नाही. पाणी लोखंडात पुरते तीन दिवस ठेवलं असतं तर त्यात तांबं उरलंच नसतं. पण त्या उन्हाळ्यात लग्नसराईची मागणी आली, हंडे-घागरी हव्यात म्हणून माणसं दारात बसून राहायची. रांजण लवकर मोकळे हवे होते. तीन दिवसांचं पाणी दीड दिवसात खड्ड्यात जायला लागलं. ओतणारी बहुतेक वेळा मीच असायची. ओतताना ते अजून निळसर आहे हे मला दिसत होतं.

चैत्र सरता सरता आडाचं पाणी तळाला गेलं. आधी कोपऱ्यावरच्या घरात उलट्या सुरू झाल्या, मग आणखी दोन घरांत. गल्ली म्हणाली, पटकी आली. दारांना कडुलिंबाचे डहाळे लागले, दोन बिऱ्हाडं शेतावर निघून गेली. सरकारी दवाखान्याचा डॉक्टर येऊन सुया टोचून गेला. आणि नीलव्वाची नात पारू, सहा वर्षांची, अंथरुणाला खिळली. ती ओकायची आणि पाणी मागायची, नीलव्वा साखरमीठ घालून वाटीवाटीनं पाणी पाजायची, आणि ती पुन्हा ओकायची.

मला त्या पाण्याला कळकल्यासारखी चव लागली. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक ठेवलं की होतं तशी. मी खिळा घासला, मडक्यात आडाचं पाणी घेतलं, खिळा त्यात सोडून मडकं फडताळात ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काढला. नखानं खरवडला. लाली नखावर आली.

वन्सं, मी तो खिळा कनवटीला खोचला आणि भाकरी थापायला बसले.

का, ते मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. भट्टीवर तेव्हा सगळ्यात मोठं काम चालू होतं. तुमचे भाऊ कितीतरी महिन्यांनी गुणगुणत काम करत होते. गल्लीला कळलं तर आपली भट्टी फोडतील, आपल्याला गावाबाहेर काढतील ही भीती होती. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यांच्या तळाशी आणखी एक होतं. मी जिंकले होते. खड्ड्याचं माझं म्हणणं खरं ठरलं होतं, आणि ते तुमच्या तोंडावर कधी आणि कसं फेकायचं हे मी ठरवत बसले होते. एका पोरीच्या जिवावर मी हे ठरवत होते.

त्याच दिवशी दुपारी नीलव्वा आडावर भेटली. डोळे सुजलेले, हातात रिकामी घागर. "गोदे, डाक्टर म्हनतो पान्यात दोष असंल. तुमी तांब्या-पितळंची मानसं, तुमाला कळतंय. हे पानी देऊ का पोरीला?"

कनवटीचा खिळा मला टोचत होता.

"उकळून द्या, नीलव्वा. उकळलं की काय होत न्हाय," मी म्हणाले.

ती "बरं" म्हणाली आणि घागर भरून घेऊन गेली. उकळून तांबं जात नाही, पाणी आटून ते आणखी दाट होतं, हे तुम्हीच मला शिकवलं होतंत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळपासून पारूच्या रडण्याचा आवाज येईनासा झाला. मी तुळशीपाशी उभी राहून कान देत होते. काही ऐकू येईना. तेव्हा मी तुमच्याकडं आले. तुम्ही कीट चाळत होता. मी खिळा तुमच्या पुढ्यात ठेवला.

तुम्ही तो उजेडात धरलात. "कुठलं पाणी?"

"आडाचं."

"कधी काढलास?"

"काल... परवाचं पाणी, काल सकाळी काढला." मग तुमच्या डोळ्यांकडं बघून मी पुढचंही सांगितलं. चव दोन दिवसांपूर्वीच कळली होती. नीलव्वाला उकळून द्या म्हणून मीच सांगितलं.

थप्पड बसेल म्हणून मी वाट बघत होते. तुम्ही चाळणी खाली ठेवलीत, हात धुतलेत. "पदर घे. चल," एवढंच म्हणालात.

नीलव्वाच्या दारात तुम्ही आत जायची वाट बघितली नाहीत. उंबऱ्यातूनच म्हणालात, "ही पटकी न्हाय. आडात तांबं उतरलंय, माझ्या खड्ड्यातलं. पोरीला त्या पाण्याचा आता घोट देऊ नका." नीलव्वा दारातून बाजूला झाली. पारूचे डोळे अर्धे उघडे होते आणि ओठ पांढरे पडले होते. तुम्ही तिची नाडी बघितलीत आणि मला म्हणालात, "पळ. मागच्या गल्लीत रशीदाबीकडं. असतील तेवढी अंडी आण."

नीलव्वा ताडकन उठून आपल्या कानडीत नको-नको म्हणायला लागली. "अंडं? ह्या घरात? बेडा! बेडा!"

"नुसतं दूध द्या मग. पण तेजाबखान्यात कुणाच्या पोटात असं गेलं की अंड्याचं पांढरं दुधात फेटून पाजायचे. माणसं वाचलेली म्या डोळ्यानं बघितल्यात. निवाडा तुमचा, नीलव्वा. फकस्त लौकर करा."

मी पळाले. पदरात सात अंडी घेऊन परत आले तेव्हा नीलव्वा भिंतीला टेकून उभी होती. गळ्यातलं लिंग तिनं तळहातावर घेतलं होतं आणि तिचे ओठ हलत होते. मग ती म्हणाली, "घरात न्हाय. भाईर. ओट्यावर." आणि भिंतीकडं तोंड करून बसली.

तुम्ही पारूला मांडीवर घेऊन ओट्यावर बसलात. मी फेटत होते, तुम्ही चमच्यानं पाजत होता. ती ओकली. पुन्हा पाजलंत. पुन्हा ओकली. गल्ली हळूहळू जमली. ऊन ओट्यावर आलं तसा मी पदराचा आडोसा धरला. चौथ्या वेळी पोटात राहिलं. दुपार कलल्यावर पारू झोपली, श्वास नीट चालला होता. आतून नीलव्वा आली. तिनं नातीच्या छातीवर हात ठेवून बराच वेळ बघितलं. मग तुमच्याकडं वळली.

"तुला कधी कळलं?"

मी तुमच्या मागंच उभी होते. माझं तोंड उघडलं होतं, हे मी शपथेवर सांगेन. पण आवाज निघाला नाही, आणि त्याआधी तुम्ही बोललात.

"परवा," तुम्ही म्हणालात. "मला परवा कळलं. म्या सांगितलं न्हाय."

गल्लीतून एक सुस्कारा उठला. नीलव्वानं नातीला तुमच्या मांडीवरून उचललं, आत गेली आणि दार लावून घेतलं.

घरी येताना मी तुमचा हात धरला. तुम्ही तो सोडवून घेतलात. "तुझं पोर व्हायचंय अजून. तुला ह्या गल्लीत जन्म काढायचाय. माझं काय ऱ्हायलंय?" एवढं बोललात, आणि त्या विषयावर आपल्यात तो शेवटचा शब्द.

त्यानंतर आठ दिवस तुम्ही आड उपसलात. रहाटावर तुम्ही आणि तुमचे भाऊ. गल्लीतलं कुणी हात लावायला आलं नाही, सगळे लांबून बघत होते. खड्ड्यात कळीचा चुना तुम्ही स्वतः ओतलात. तो उकळून वर आला, त्याच्या वाफेत तुम्ही वाकून उभ्या होता आणि मी "मागं सरा" म्हणून ओरडत होते. आड तीन वेळा उपसला, दर खेपेला मी खिळा टाकून बघितला. तिसऱ्या वेळी तो लोखंडाच्याच रंगाचा वर आला. भट्टीला कुणी हात लावला नाही. फोडली असती तरी बरं झालं असतं असं मला कधी कधी वाटायचं. गल्लीनं तुमच्याशी बोलणं टाकलं, तेवढ्यावर भागलं. पारू खडखडीत बरी झाली. राहिलेली कीट तुम्ही गाडीनं माळावर नेलीत, तिथं चुन्याचा खड्डा बांधलात, आणि उन्हातान्हात एकट्या ते काम करत राहिलात. मी येते म्हटलं की म्हणायचात, "पोरगं सांभाळ."

ते पोरगं म्हणजे माझा मुलगा, तुमच्याच हातावर जन्मलेला. सुईण यायच्या आधी. तेव्हा मला वाटलं, आता सांगावं, बारशाला बाया जमतील तेव्हा सगळ्यांसमोर. बारशाला बाया आल्या, नीलव्वाही आली. तुम्ही बाहेर दिसू नये म्हणून मागच्या खोलीत जाऊन बसलात. मी पाळण्याची दोरी धरून बसले, नाव ठेवलं, घुगऱ्या वाटल्या. बोलले नाही.

खोकला त्याच सुमाराचा. तेजाबाची वाफ आणि भाजलेल्या किटीचा धूर, दुसरं काय असणार. लढाई संपली, पत्रा पुन्हा येऊ लागला, हातोडे सुरू झाले. आता माळावर जायची गरज नव्हती आणि तुम्हाला जाताही येत नव्हतं. शेवटच्या आठवड्यात तुम्ही उशाला टेकून बसायचात, मी पाठ चोळायची. रोज ठरवायची, आज सांगते, आज गल्लीत जाऊन सांगते. त्या दुपारी मी "वन्सं" म्हणून सुरुवात केली. तुम्ही हात वर करून मला थांबवलंत. दम लागला म्हणून थांबवलंत की काय बोलणार ते कळून थांबवलंत? मला कधीच कळणार नाही. दिवेलागणीच्या आत तुम्ही गेलात.

तर मंगळवार. बाराव्या-तेराव्याचं सगळं उरकलं होतं. मी नीलव्वाकडं गेले. ती ओट्यावर सुपात तूर घेऊन बसली होती. मी उभ्यानंच सांगितलं. "नीलव्वा, वन्सं तुम्हाला 'परवा' म्हणल्या ते खोटं हुतं. खिळा म्या बघितला हुता. म्याच लपवला. त्यांना त्याच सकाळी कळलं, आन् त्या त्याच पावली तुमच्याकडं आल्या."

तिचे हात थांबले नाहीत. "म्हाईत हाय," ती म्हणाली.

"कसं?" मी विचारलं.

"त्या दोन दिसांत तुज्या घरचं पानी तू कुठनं आनलंस?" ती म्हणाली. "घाटाखालच्या बारवंतनं. सकाळी दोन खेपा, दुपारी येक. घागरीवर फडकं टाकून. म्या हितनंच बघितलं."

वन्सं, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नव्हतं. आता वर लिहितानाही ते गाळून पुढं गेले. त्या दोन दिवसांत आपल्या घरात कुणी आडाचं पाणी प्यालं नाही. तुम्हीही नाही. तुम्हाला वाटलं असेल, गोदा रोजच्यासारखीच घागर भरून आणते.

"मग तुमी वन्संशी अबोला का धरलात?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "तुमाला ठाव हुतं, तर त्यांना का वाळीत टाकलंत?"

आता तिनं सूप खाली ठेवलं.

"माज्या दारात हुबी राहून खोटं बोलली म्हनून. पोर वाचवली तिनं. मला काय कळत न्हाय? पर खोटं बोलली, आन् ते खोटं म्या गिळावं असं तिला वाटलं. म्या म्हनलं, येईल. ती न्हाई तर तू येशील. बारशाला आले ती त्यासाटीच आले हुते. तू घुगऱ्या दिल्यास." तिनं ओट्यापुढच्या रस्त्याकडं बघितलं. मग तिचा चेहरा वेगळाच झाला. "आन् ती मेली तवा बी म्या हट्टानं बसून ऱ्हायले. तिरडी ह्या ओट्याफुडनं गेली, गोदे. म्या उठले न्हाय. आता त्याचं म्या काय करू, तू सांग."

 तुमच्याकडं याला उत्तर असतं, पण तुम्ही आता कुठं?

तिनं पारूला हाक मारली. पोरगी आठ वर्षांची झाली आहे, उंच, पुढचे दोन दात मोठे आलेले. ओल्या केसांनी बाहेर आली.

"मला सांगितलंस ते हिला सांग," नीलव्वा म्हणाली. "जीव हिचा हुता."

मी सांगितलं. पहिल्यापासून. खिळा, कनवट, उकळून द्या म्हणाले ते, आणि वन्संनी माझे दोन दिवस आपल्या अंगावर घेतले ते. पारू ऐकत होती. मधे एकदा तिनं आजीकडं बघितलं. माझं झाल्यावर तिनं विचारलं, "मंग काकू, तुमी प्यालात का ते पानी?"

"न्हाय," मी म्हणाले. "म्या न्हाय पिले."

पोरीनं ओले केस मागं टाकले. मग खाली बसून आजीच्या सुपातले खडे वेचायला लागली. मला कुणी जा म्हणालं नाही. म्हणून मीही तिथं पायरीवर बसले, वन्सं, आणि ऊन उतरेपर्यंत उठले नाही.